एका पेशीत, दिवसाला दहा हजार

दहा हजार या आकड्याने आज कोणी दचकत नाही. सकाळच्या गर्दीत सुटलेल्या बारा डब्यांच्या दोन लोकल गाड्यांत तेवढी माणसे असतात. पण हाच आकडा जरा दुसऱ्या जागी नेऊन ठेवू. तुमच्या करंगळीच्या टोकाची एक पेशी घ्या. एकच, डोळ्यांना न दिसणारी. तिच्या आतल्या डीएनएमधून दिवसभरात दहा हजार अक्षरे गळून पडतात. दहा हजार! दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे दर साडेआठ सेकंदांना एक अक्षर. तुम्ही जेवत असा, झोपलेले असा, देवळात हात जोडून उभे असा, गळती चालूच. आणि उन्हाने, तंबाखूच्या धुराने, क्ष-किरणांनी होणारे नुकसान यात धरलेलेच नाही. त्याचा हिशेब वेगळा. ही गळती नुसत्या पाण्याची आणि नुसत्या अंगातल्या उबेची.

हा आकडा काढणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव टोमास लिंडाल. जन्म १९३८ चा, स्टॉकहोमचा. शाळेत एका शिक्षकांशी पटले नाही आणि रसायनशास्त्रात नापास झाले. पुढे २०१५ साली नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचेच. त्यांच्या कारकिर्दीत प्रयोगशाळा बदलल्या, शहरे बदलली, देश बदलला, पण सगळे काम एका आकड्याभोवती फिरत राहिले. तो आकडा इतका अवाढव्य होता की दुसऱ्या कोणी ‘आपलेच काहीतरी चुकले असणार’ म्हणून कागद बाजूला सारला असता. लिंडाल यांनी तो खरा मानला आणि विचारले, हे खरे असेल तर आपण जिवंत कसे? माझ्या मते त्यांचा मोठेपणा या एका प्रश्नात आहे.

पण त्या प्रश्नाचे वजन कळायला आधी डीएनएचा आवाका कळायला हवा. चला, मोजूया.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. अक्षरे जोडीजोडीने बसतात, शिडीच्या पायऱ्यांसारखी. आईकडून आलेल्या ३२० कोटी जोड्या, वडिलांकडून आलेल्या ३२० कोटी. एकूण ६४० कोटी, आणि हे सगळे एका पेशीत! सेकंदाला एक या वेगाने वाचायला बसलात, जेवण नाही, झोप नाही, सुट्टी नाही, तर वाचून व्हायला दोनशे तीन वर्षे लागतील. ‘मुंबई समाचार’ १८२२ साली निघाला. त्याचा पहिला अंक हातात पडला त्या दिवशी कोणी हा मजकूर वाचायला घेतला असता, तर तो आता कुठे शेवटच्या पानांपर्यंत पोचला असता. पुस्तके छापायची म्हटली, पानावर दोन हजार अक्षरे आणि पुस्तकाला चारशे पाने धरली, तर आठ हजार पुस्तके होतात. एका पेशीची आठ हजार पुस्तके!

आता लांबी. एका जोडीपासून पुढच्या जोडीपर्यंतचे अंतर ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाचाही जेमतेम तिसरा हिस्सा. पण जोड्याच ६४० कोटी! गुणाकार केला की दोन मीटर भरतात, उंच माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढे. आणि हे दोन मीटर ज्या केंद्रकात राहतात, त्या केंद्रकाची रुंदी मिलिमीटरच्या सहा हजाराव्या... नाही, नीट सांगतो: मिलिमीटरचे हजार भाग करा आणि त्यातले सहा घ्या. तेवढ्या जागेत दोन मीटर.

डोळ्यांपुढे येत नाही ना? मग सगळेच दहा लाख पटींनी मोठे करू. केंद्रक होईल वीस फूट रुंद आणि वीस फूट खोल विहिरीएवढे. अशी विहीर प्रत्येकाने पाहिलेली असते. डीएनएचा धागा होईल दोन मिलिमीटर जाडीची सुतळी. आणि त्या सुतळीची लांबी? २,००० किलोमीटर! मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यापर्यंतचा रेल्वेमार्ग जवळपास एवढाच आहे. म्हणजे मुंबईत सुतळीचे टोक धरून हावडा मेलमध्ये बसायचे, कसारा, भुसावळ, वर्धा, नागपूर, बिलासपूर करत हावड्याला उतरायचे, आणि मग ती अख्खी सुतळी गोळा करून एका विहिरीत टाकायची. नुसती कोंबून चालत नाही, बरे का. ४६ वेगवेगळे तुकडे, एकमेकांत गुंता होऊ द्यायचा नाही, आणि हवा तो भाग हवा तेव्हा उघडून वाचता आला पाहिजे.

आता या सुतळीवर दिवसाचे दहा हजार घाव पसरा. २,००० किलोमीटरला दहा हजार, म्हणजे दर दोनशे मीटरला एक. आणि घाव केवढा? आपल्या या दहा लाख पट मोठ्या केलेल्या सुतळीवरसुद्धा मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, चार-पाच केस शेजारी शेजारी ठेवले तर होईल तेवढा. रेल्वेत चावीवाला असतो. खांद्यावर हातोडा, हातात पाना घेऊन तो आपल्या टप्प्यातला रूळ रोज पायी चालत तपासतो, ढिली चावी ठोकून बसवतो. कल्पना करा, मुंबई ते हावडा सगळ्या मार्गावर दर दोनशे मीटरला केसांएवढी एक खोट पडलेली आहे, तीही विहिरीत गुंडाळून ठेवलेल्या मार्गावर. ती आजच्या आज शोधायची, आजच्या आज भरायची, कारण उद्या नवीन दहा हजार तयार आहेत.

१९६० च्या दशकात कोणाला विचारले असते तर उत्तर मिळाले असते की असले काही होतच नाही. डीएनए म्हणजे वंशपरंपरेचा शिलालेख, पिढ्यान् पिढ्या टिकणारा, अशी सर्वसाधारण समजूत होती. लिंडाल तेव्हा अमेरिकेत, प्रिन्स्टनला होते आणि डीएनएच्या चुलत भावंडावर, आरएनएवर, काम करत होते. तापवले की आरएनए भराभर मोडून जायचा. त्यांच्या मनात आले, भावंड इतके नाजूक असेल तर हा दुसरा आयुष्यभर टिकतो कसा? प्रश्न मनात ठेवून ते स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत परतले आणि त्यांनी डीएनएच्या पडझडीचा वेग मोजायला घेतला.

मोजायचा कसा? अडचण बघा केवढी. प्रत्येक जोडीत एक मोठे अक्षर असते आणि एक छोटे. गळतात ती मुख्यतः मोठी, एका पेशीत ६४० कोटी असलेली. त्यातली दिवसाला दहा हजार जातात. मग एका ठरावीक अक्षराची पाळी कधी येणार? भागाकार करा. सहा लाख चाळीस हजार दिवसांनी. म्हणजे साडेसतराशे वर्षांनी! दख्खनात वाकाटकांची राजवट उभी राहत होती तेव्हा एका अक्षरावर नजर लावून बसलेल्या माणसाला ते अक्षर गळताना आज दिसले असते. इतकी संथ ही घटना. आणि इतक्या संथ घटनेचीच दिवसाला दहा हजार वेळा पुनरावृत्ती, कारण अक्षरे अगणित. एकेका अक्षराकडे पाहिले तर डीएनए खरोखर शिलालेख आहे. सगळ्यांची बेरीज केली की तो पावसात उभी असलेली मातीची भिंत होतो.

लिंडाल आणि त्यांच्या सहकारी बार्ब्रो नीबर्ग यांनी वाट पाहायचे टाळले. जिवाणूंच्या डीएनएतील मोठ्या अक्षरांना किरणोत्सारी खूण लावली, तो डीएनए पाण्यात ठेवून सत्तर अंशांच्या आसपास तापवला, म्हणजे गळतीचा वेग कैक पटींनी वाढला, आणि पाण्यात किती खुणा उतरल्या ते मोजले. वेगवेगळ्या तापमानांचे आकडे मांडून तिथून ते आपल्या अंगाच्या ३७ अंशांपर्यंत खाली आले. हा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. माणसासारख्या सस्तन प्राण्याच्या एका पेशीला त्यात दिवसाकाठी सुमारे दहा हजारांचा हिशेब लागला. पुढे त्यांनीच दोन हजार ते दहा हजार असा पल्ला दिला. पण ही झाली एकाच प्रकारची गळती. तिच्या जोडीला एक अक्षर बदलून भलतेच होण्याचे प्रकार पेशीत दिवसाला शंभरच्या वर. प्राणवायूमुळे होणारी झीज वेगळी, ती हजारांत. सगळे धरले की दहा हजारांचा आकडा काही वाढीव राहत नाही, म्हणून आपण तोच धरून पुढे जाऊ.

आता हा दहा हजारांचा घाव सत्तर वर्षे चालू ठेवा आणि कोणी दुरुस्त करत नाही असे माना. रोज दहा हजार, वर्षाला साडेछत्तीस लाख, सत्तर वर्षांत साडेपंचवीस कोटी! ६४० कोटींतले साडेपंचवीस कोटी, म्हणजे दर पंचवीस जोड्यांमागे एक भोक. हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती लिहायला ४३८ अक्षरे लागतात. त्यात सतरा भोके पडली असती. सतरा! आणि एका अक्षराने काय होते ते नंदुरबार आणि गडचिरोलीतल्या आदिवासी पाड्यांत लोक पिढ्यान् पिढ्या सोसत आहेत. सिकलसेल हा आजार याच साखळीतले एक अक्षर बदलल्यामुळे होतो. तो बदल आई-वडिलांकडून आलेला असतो, रोजच्या गळतीतला नसतो, पण किंमत तीच. ३२० कोटींत एक अक्षर, आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, लहान लेकराचे हातपाय ठणकतात. इथे एक. तिथे जमा होणार होती साडेपंचवीस कोटी.

म्हणून लिंडाल यांनी सरळ निष्कर्ष काढला: एवढी पडझड आणि तरीही आपण आहोत, तर कोणीतरी दुरुस्त करत असलेच पाहिजे. दुरुस्त करणारा कोणी पाहिलेला नव्हता. त्याचे अस्तित्व आधी आकड्याने सांगितले, मग शोध सुरू झाला. १९७४ साली त्यांना जिवाणूंमध्ये पहिला कामगार सापडला, बदललेले अक्षर हुडकून तेवढेच उपटून काढणारे एक प्रथिन. तिथून पुढे एकेक कामगार हाती लागत गेला. एक खराब अक्षर काढतो, दुसरा तिथे धागा कापतो, तिसरा समोरच्या जोडीदाराकडे बघून नवे अक्षर बसवतो, चौथा सांधा जोडतो. चौघांची गँग. या काळात लिंडाल यांची गोथेनबर्गला काही वर्षे प्राध्यापकी, मग १९८१ पासून इंग्लंड, १९८६ ते २००५ हर्टफर्डशरमधल्या क्लेअर हॉल प्रयोगशाळेचे संचालकपद. कारकिर्दीची तारीखवार यादी एवढ्या ओळीत संपते. १९९६ साली मानवी पेशीतली ही सगळी दुरुस्ती त्यांनी परीक्षानळीत पुन्हा घडवून दाखवली. दहा हजारांचा आकडा आल्यापासून चोवीस वर्षे झाली होती.

याच आकड्याने त्यांनी एकदा डायनोसॉरलाही हात घातला. १९९३ हे ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटाचे वर्ष. अंबर नावाच्या गोठलेल्या राळेत अडकलेल्या किड्यांतून, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांतून डीएनए मिळाल्याचे दावे त्या काळात शास्त्रीय नियतकालिकांतही झळकत होते. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये लिंडाल यांनी डीएनएच्या पडझडीचा सगळा हिशेब मांडला आणि म्हटले, इतका काळ डीएनए टिकणे शक्य नाही. मेल्यावर दुरुस्तीची गँग थांबते, पाणी थांबत नाही. पुढे ते दावे टिकले नाहीत. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. २० लाख म्हणजे फार वाटते? डायनोसॉर जाऊन ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. हा काळ मुंबई-पुणे रेल्वेमार्गाच्या १९२ किलोमीटरवर अंथरा. आज म्हणजे सीएसएमटी, डायनोसॉर पुणे स्टेशनवर. आता डीएनएचे बोट धरून निघा. मशीद, सॅन्डहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, आणि करी रोडला गाडी संपली! दादरसुद्धा नाही. कल्याण नाही, कर्जत नाही, खंडाळ्याचा घाट तर फारच दूर. तेही बर्फात गोठून राहिला म्हणून करी रोडपर्यंत मजल गेली.

एक पेशी झाली. आता दीर्घ श्वास घ्या, अख्खे शरीर घेऊ.

माणसाच्या अंगात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. यातल्या २५ लाख कोटी नुसत्या लाल रक्तपेशी. त्यांना केंद्रकच नसते, म्हणजे त्यांचा डीएनए नाही. रक्त गोठवणाऱ्या बिंबिकाही वजा करा. उरतात सुमारे तीन लाख कोटी पेशी. प्रत्येकीत दिवसाला दहा हजार घाव. तीन लाख कोटी गुणिले दहा हजार. तीनावर सोळा शून्ये!

एवढ्या आकड्याला आपल्याकडे नाव आहे. भास्कराचार्यांनी, ज्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. एकावर सोळा शून्ये म्हणजे मध्य. तुमच्या अंगात रोज तीन मध्य दुरुस्त्या होतात. परार्ध, ही त्या यादीतली शेवटची संख्या, ऐंशी तासांत गाठली जाते. सोमवारी सकाळी आठला मोजायला सुरुवात केलीत तर गुरुवारी दुपारी चारला परार्ध भरला, आणि अठरा स्थानांची यादी संपली. एका माणसाच्या अंगात. चार दिवसही लागले नाहीत.

पैशांत बघायचे? एका दुरुस्तीला एक रुपया देणे परवडणार नाही. एक पैसा देऊ. एका दिवसाचे बिल तीनशे लाख कोटी रुपये! भारत सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. म्हणजे अख्ख्या देशाच्या सहा वर्षांच्या खर्चाएवढी रक्कम एका माणसाच्या एका दिवसाच्या डागडुजीला, तीही पैशाला एक या दराने. आता नोबेलचे बघू. २०१५ चे पारितोषिक ८० लाख स्वीडिश क्रोनरचे, त्या वेळच्या दराने सहा कोटी रुपयांच्या आसपास. ते तिघांत वाटले गेले, लिंडाल, अमेरिकेचे पॉल मॉड्रिच आणि तुर्कस्तानात जन्मलेले अझीझ सँकार. लिंडाल यांच्या वाट्याला दोनेक कोटी आले. त्या पैशांत आपल्या या दराने एका शरीराची दुरुस्ती किती वेळ चालली असती? शरीरात सेकंदाला ३५,००० कोटी दुरुस्त्या होतात. दोन कोटी रुपयांचे पैसे दोनशे कोटी. सेकंदाच्या दीडशेव्या भागाच्या आत सगळे संपले! पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

बाकीच्या दोघांचेही आकडे कमी नाहीत. सँकार यांनी उन्हाने चिकटलेली अक्षरे आजूबाजूच्या तुकड्यासकट कापून काढणारी यंत्रणा उलगडली. मॉड्रिच यांचे काम नक्कल करताना होणाऱ्या चुकांवर. पेशीची दुसरी पेशी होताना ६४० कोटी जोड्यांची नवी प्रत काढावी लागते. प्रत काढणारे यंत्र सेकंदाला पन्नासेक अक्षरे लिहिते. एकाच यंत्राने एका टोकापासून लिहायला घेतले तर चार वर्षे लागतील. लागतात आठेक तास, कारण हजारो ठिकाणी एकाच वेळी लिखाण सुरू होते. एवढ्या घाईत लाखात एक चूक धरा, तरी ६४,००० चुका. यंत्र मागे वळून आपले आपण खोडते, मग उरतात सहाशे-साडेसहाशे. मग मॉड्रिच यांनी शोधलेली टोळी येते आणि हातातली प्रत तपासून जाते. शेवटी राहतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आठ हजार पुस्तके हाताने उतरवली आणि चुका दहाच्या आत. आमच्या छापखान्यांतल्या मुद्रितशोधकांनी हे वाचून हात जोडावेत.

आणि या नकला किती निघतात ते ऐका. हाडांतला मगज सेकंदाला वीस लाखांवर नव्या लाल रक्तपेशी घडवतो. लाल पेशीत डीएनए नसतो खरे, पण ती घडताना असतो. पेशी तयार होते, प्रत निघते, आणि रक्तात उतरण्याआधी ती आपले केंद्रक बाहेर टाकून देते. वीस लाख पेशी, प्रत्येकीचे दोन मीटर. सेकंदाला ४,००० किलोमीटर डीएनए नव्याने लिहून टाकून दिला! दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस ही देशातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या गाड्यांतली. तिला साधारण एवढेच अंतर तोडायला तीन दिवसांहून अधिक लागतात. तुमच्या मगजाला एक सेकंद. एका दिवसात लिहून फेकलेला हा धागा सूर्यापर्यंत जाऊन परत येईल आणि वर उरेल.

जो फेकला नाही, अंगात आहे, त्याची लांबी? तीन लाख कोटी पेशी, प्रत्येकी दोन मीटर: ६०० कोटी किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेने तीन कोटी बारा लाख पन्नास हजार फेऱ्या. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली. एकही दिवस न चुकता रोज गेली आणि रोज आली असे धरले, तरी पंचाण्णव वर्षांत तिच्या सत्तर हजार फेऱ्या होत नाहीत. अशा साडेचारशे डेक्कन क्वीन १९३० पासून एकदम सोडल्या असत्या, तर त्या सगळ्यांनी मिळून आतापर्यंत कापलेले अंतर तुमच्या एकट्याच्या अंगातल्या डीएनएएवढे भरले असते. सूर्यापासून प्लूटो सरासरी ५९० कोटी किलोमीटरवर आहे. तुमचा धागा सूर्याला बांधला तर प्लूटोला गाठ मारून वर दहा कोटी किलोमीटर शिल्लक राहतो. आणि या सगळ्याचे वजन? वीस ग्रॅम. सराफाच्या आजच्या हिशेबाने दोन तोळे!

आता एकटे राहू नका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. सगळ्यांचे धागे जोडा. किलोमीटर आता पुरत नाहीत, प्रकाशवर्षे घ्यावी लागतात. एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. महाराष्ट्राचा धागा भरतो सुमारे ७१,००० प्रकाशवर्षे! आपली आकाशगंगा, रात्री गावाकडे अंगणात पडून दिसते ती सगळी, साधारण एक लाख प्रकाशवर्षे रुंद. एका राज्याने तिची दोन तृतीयांशाहून अधिक वाट संपवली. आता सगळे जग घ्या. ८०० कोटी माणसे. ५० लाख प्रकाशवर्षांहून अधिक! देवयानी दीर्घिका आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे माणसांच्या अंगातला डीएनए सरळ केला तर तो देवयानीपर्यंत जातो आणि परत येतो. जाऊन परत! आणि त्या ५० लाख प्रकाशवर्षांच्या वाटेवर, तिथल्या एकेका दोन मीटरवर, आज दिवसभरात दहा हजार अक्षरे गळणार आहेत आणि बहुतेक सगळी परत बसवली जाणार आहेत.

बहुतेक सगळी. काही राहतात. राहिलेल्यांतून कधी म्हातारपण येते, कधी कर्करोग. पण तिथेही हीच मोजणी उपयोगी पडली आहे. काही कर्कपेशींची एक दुरुस्ती-टोळी आधीच निकामी झालेली असते. तिची दुसरी टोळीही औषधाने अडवली तर रोजची पडझड त्या पेशीला झेपत नाही आणि ती मरते. ओलॅपॅरिब हे औषध याच तत्त्वावर २०१४ पासून रुग्णांना दिले जात आहे. ते ज्या प्रथिनाला अडवते, त्यावर लिंडाल यांच्या प्रयोगशाळेतही काम झाले होते.

हा लेख वाचायला तुम्हाला बारा मिनिटे लागली असतील. तेवढ्यात तुमच्या अंगात अडीचशे लाख कोटी दुरुस्त्या झाल्या.